राजापुढची रांग

काशीरामआबांचे पुढचे दात पडले आणि गंगूचं काम वृषालीकडं आलं.

दात गेले म्हणून काम गेलं, हे बाहेरच्याला कळायचं नाही. सुरतेच्या लिंबायतमधल्या त्यांच्या गल्लीतली निम्मी माणसं पॉवरलूमच्या खात्यात कान घालवून बसलेली. खात्यात माग सुरू झाले की शेजारच्यानं कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. तिथं बोलणं ओठांवरून ओळखायचं आणि हाताच्या खुणेनं उत्तर द्यायचं. हीच माणसं पौष पौर्णिमेला नाटकाला बसली की नजर गंगूच्या ओठांवर. त्यांच्यासाठी आबा जन्मभर लुगडं नेसून, ओठ मोठे करून गंगू झाले. मागच्या पौषात बोळक्या तोंडानं उभे राहिले, तर मागचे लोक एकमेकांना ढोसायला लागले, "काय म्हणे रे गंगू? काय म्हणे?" आबांनी त्याच संध्याकाळी लुगडं घडी घालून सुनेच्या हातात दिलं.

"अंगवर पेनारं लेकरू शे आन हाई नाटकमा जाई!" सासू अंजनाबाईंनी कपाळावर हात मारला. पण लुगड्याचा उसवलेला काठ शिवायला त्याच बसल्या.

वृषाली दिवसभर साड्यांवर स्टोन चिकटवायची. भिंतीला टेकून पाय लांब करायचे, साडी पिंढऱ्यांवर पसरायची, डिंकासारख्या गमचा ठिपका द्यायचा, काडीच्या मेणानं स्टोन उचलून त्यावर दाबायचा. वर झोळीत लेक जागृती. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला. ठिपका, स्टोन, अंगठा. ठिपका, स्टोन, अंगठा. आणि या सगळ्यावर गंगूची वाक्यं.

आबा गल्लीच्या पलीकडं नळाजवळ जाऊन बसायचे. मधून रिक्षा जायच्या, भंगारवाला जायचा. तिनं घरातून बोलायचं, आबांना ओठ कळले तर ते हात वर करायचे.

"राजा पानी देत नही! तुम्ही देतस का?"

आबांचा हात मांडीवरच.

"राजा पानी देत नही!"

आबांनी हनुवटी पुढं करून दाखवलं. जबडा उघड. लाजू नको.

तेवढ्यात उखाची रिक्षा मध्ये येऊन थांबली. उखा रिक्षावाला नाटकात राजा व्हायचा. काडीसारखा माणूस, पण आवाज असा की स्टेशनबाहेर पॅसेंजर त्याच्याकडंच वळायचा. त्यानं हॅंडलवरून हात उचलून तिच्याकडं बोट केलं. "कोन तू? तुना आजाना दगड कोनता?"

"मना आजाना दगड तळमा शे, राजा! तठे जाईसन देख!"

"नही. पुढला!" उखानं हातानं पुढं व्हायची खूण केली आणि मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. वृषाली इतकी हसली की अंगठ्याला हिसका बसून झोळी जोरात हलली. नळाजवळ आबांचा हात वर गेला होता.

नाटक तसं छोटं. राजा विहीर खणायला गावाला जुंपतो. पाणी लागतं. मग राजा म्हणतो, ज्याच्या आजाचा दगड या विहिरीत असेल त्यानंच पाणी घ्यावं. दगडावर कुणाचं नाव? राजा एकेकाला विचारतो आणि हाकलतो. शेवटी दगडफोडी गंगू घागर घेऊन मांडवात उतरते, बघणाऱ्यांना विचारते, राजा देत नाही, तुम्ही देता का? लोक आपापल्या तांब्यातलं पाणी घागरीत ओततात. घागर भरली की गंगू ती डोक्यावर घेऊन राजासमोरून चालत जाते. नाटक संपतं. घागर भरली नाही तर नाटक तिथंच थांबवायचं. ही पद्धत आबांच्या वडिलांची.

दुपारी आबा साडीचं टोक ताणून धरायला बसले की जुन्या वर्षांचं सांगत.

"पहिल्यांदा गावात केलं, तेव्हा भरली का घागर?" वृषालीनं विचारलं.

"कोन भरी? वरच्या आळीचे लोक लांब बसलेले, तांबे मांडीखाली दाबून. बाप मांडवात फिरला. लोहाराच्या म्हातारीनं उठून ओतलं, तेवढंच. बाप म्हणे, बुडाला पाणी लागलं, पुरं." आबा थुंकी गिळून हसले. "तेव्हा राजा म्हणजे कोण, ते सांगायला लागत नव्हतं."

"आणि आणीबाणीत?"

"तेव्हा मी गंगू. कोवळा होतो. गावाला नसबंदीची भीती. मी विचारलं, तुम्ही देतस का? एकानंही हात हलवला नाही. पुढं पोलीसपाटील बसलेला. घागर तशीच घेऊन घरी आलो. आई म्हणाली, लोक वाईट नाहीत रे, घाबरले आहेत."

"मग इथं, सुरतेत?"

"इथं मागवाल्यांचा संप चालू होता त्या वर्षी लोकांनी राजाला शेठ केला. शेठ नाही का मागाच्या मागून यायचा, असा? उखाच्या बापानं तसा चालून दाखवला आणि मांडव फाटायची वेळ! घागर दोनदा भरली. आणि तापीचं पाणी शहरात घुसलं त्या वर्षी—" आबांना आधीच हसू फुटलं. "सगळे पुरात पत्र्यांवर दिवस काढून आलेले. मी म्हणालो, पाणी देता का? तर सगळा मांडव ओरडला, बस कर गंगू! पाणी नको! आम्हीच देतो, घे, घरातलं घेऊन जा!"

"तुम्ही काय केलं?"

"काय करतो? घागर उलटी करून दाखवली. बायका डोळे पुसत हसत होत्या."

वृषालीच्या हातात काडी तशीच राहिली. स्टोन मेणाला लटकलेला. हेच शब्द, हीच घागर.

"लॉकडाऊननंतर एक जण उठला," आबा हळू म्हणाले. "पाणी ओतलं नाही. म्हणाला, मी पलसाण्याहून चालत निघालो होतो. नवापूरच्या पुढं एका बाईनं मला असंच विचारलं होतं, पाणी देऊ का? एवढं बोलला आणि बसला. मग सगळ्यांनीच ओतलं."

साडीचं टोक त्यांनी दुसऱ्या हातात घेतलं. "मी काही बदललं नाही, पोरी. मी तेच बोलत आलो. लोकच दर वर्षी दुसरं नाटक बघतात."

यंदा गल्लीत वेगळीच धावपळ होती. मतदारयादीची तपासणी चाललेली. जुन्या यादीत नाव दाखवा, नसेल तर बापाचं दाखवा, आजाचं दाखवा. अर्धी गल्ली साक्री-शिरपूरकडून आलेली, नावं अर्धी तिकडं, अर्धी इकडं. जो तो गावी फोन लावत होता. गल्लीच्या टोकाला राहणारी सुभद्राबाई तर कागदांची प्लास्टिकची पिशवी कमरेला खोचूनच हिंडायची. तीही बॉबिन भरून भरून बहिरी झालेली. कुठंही टेबल आणि टेबलामागं माणूस दिसला की ती जाऊन उभी राही. मागच्या आठवड्यात गॅसवाल्याच्या टेबलापुढं उभी राहून तिनं आजाचं नाव सांगितलं होतं.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी लोकेश आला. आबांच्या चुलतभावाचा मुलगा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन फोन. वॉर्डात त्याचा शब्द चालायचा. मैदान, मांडव, साउंड सगळं तोच मिळवून द्यायचा. दारात चप्पल काढून तो आबांच्या पाया पडला, झोळीत डोकावला, "काय ग जागृतीबेन?" म्हणाला, आणि मग खाली बसला.

"आबा, नाटक करो. शांतीथी करो. पण घागर खाली फिरवू नका या वर्षी."

आबांना ओठ कळले. तरी त्यांनी विचारलं, "काय?"

"बाजूच्या गल्लीतले येणार, बिहारी येणार, ओडिया येणार. मोठे लोक पुढं बसणार. आजाचा दगड दाखव, आजाचा दगड दाखव... काय अर्थ काढतील लोक? उद्या कुणी मोबाइलवर टाकलं की माझ्या डोक्यावर. घागर मी माझ्या पोरांकडून भरून स्टेजवर ठेवतो. गंगूनं भरलेली घागर उचलायची आणि जायचं. सगळ्यांना आनंद."

"घागर भरलेली असेल तर गंगू पाणी मागेल कशाला?" वृषाली झोळीआडून म्हणाली.

"वहिनी, जुनं नाटक आहे. लोकांना गोष्ट माहितीय."

"गोष्ट माहितीय म्हणून तर येतात."

लोकेशनं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही, थकलेल्या माणसासारखं. "मैदान माझ्या नावावर घेतलंय. यंदा गडबड झाली तर पुढच्या वर्षी मिळणार नाही. कधीच नाही. मग बसा घरात गंगूला घेऊन."

आबांनी चटईची एक काडी मोडली. मग म्हणाले, "घागर स्टेजखाली उतरायची नही. दिला शब्द."

लोकेश गेल्यावर वृषालीनं त्या दिवशीचा भात करपवला. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधून तिचा नवरा बुद्धभूषण आला तो नखांत जांभळा रंग घेऊन. तिनं सगळं एका दमात सांगितलं. त्यानं जागृतीला उचलण्याआधी तिसऱ्यांदा साबण लावला.

"शब्द दिलाय ना आबांनी?"

"दिलाय."

"मग घागर उतरायची नाही."

"तुलाही तेच वाटतं?"

"मला काय विचारते? गंगू तू आहेस." त्यानं लेकीला छातीशी धरलं आणि तिच्या टाळूवर बोलला, "तुझी माय करपलेलं खाऊ घालते, बघ."

पौर्णिमेला ऊन कलतानाच मैदान भरायला लागलं. थंडी अशी की बायका मुलांना टोपडी घालून, स्वतः शाली घेऊन. पुढं खुर्च्या, मागं सतरंज्या, त्याच्या मागं रिक्षांवर चढलेली पोरं. बुद्धवंदना झाली. वृषाली पडद्यामागं उभी. लुगड्याचा काष्टा अंजनाबाईंनी इतका घट्ट ओढला होता की श्वास अर्धाच जाई. नाटकाआधी जागृतीला दोन्हीकडं पाजून झालं होतं, तरी घसा कोरडा पडलेला. पाणी प्यायची सोय नव्हती; नंतर कुठं जाणार लुगडं सोडायला?

"आई, तिला समोर धरू नका. मला बघून रडेल."

"पुढं नही तं काय मागे बसू? मले दिसाले नको?" अंजनाबाई नातीला घेऊन तरातरा पहिल्या सतरंजीवर जाऊन बसल्या.

साउंडवाल्याला माइक उभा करायला स्टॅंड मिळाला नाही. त्यानं मांडववाल्याचं लोखंडी टेबल आणून राजाच्या खुर्चीपुढं मांडलं आणि त्यावर माइक ठेवला. आबांनी नाक मुरडलं. राजापुढं टेबल कधी असतं का? पण वेळ नव्हता. टेबलाच्या बाजूला लोकेशच्या पोरांनी तांब्याची घागर आणून ठेवली, काठोकाठ भरलेली.

पडदा सरकला. उखा मुकुट घालून टेबलामागं बसला, अगदी यादी तपासणाऱ्यासारखा, आणि मांडवात कुणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरं. उखाला कळेना. विहिरीचा प्रवेश झाला, दगड वाहिले, पाणी लागलं, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग उखानं खाकरून माइकशी तोंड नेलं.

"कोन तू? तुना आजाना दगड कोनता?"

हसणं एकदम थांबलं. मागच्या सतरंजीवर माणसं गुडघ्यांवर उठली. एकानं शेजारच्या ओडियाला हिंदीत सांगितलं, "दादा का पत्थर पूछ रहा है. दादा का." तो मान डोलवून म्हणाला, "हमसे भी पूछा."

"नही. पुढला!" उखानं हातानं खूण केली.

पुढचा नट आला. "नही. पुढला!" त्याच्या मागचा आला. "पुढला!"

आणि त्याच्या मागं सुभद्राबाई उभी होती.

कधी उठली, पायरी कशी चढली, कुणी पाहिलं नाही. टेबल, टेबलामागं माणूस, एकेकाला पुढं बोलावणारा हात. तिनं कमरेची पिशवी काढली, गाठ दातांनी सोडली आणि कागद टेबलावर मांडले.

"मना आजानं नाव दगडू," ती मोठ्यानं म्हणाली. बहिरी माणसं बोलतात तशी. माइकनं ते मैदानभर नेलं. "गाव कासारे, तालुका साक्री. मना आजा इहीर खनाले जाये. लिखी ले."

उखानं तोंड उघडलं. त्याचं वाक्य ठरलेलं होतं. नही, पुढला. ते त्याच्या ओठांपर्यंत आलेलं सगळ्यांना दिसलं. पडद्याआडून वृषालीलाही दिसलं. सुभद्राबाई त्याच्या ओठांकडं टक लावून बघत होती.

उखानं तोंड मिटलं.

मग सतरंजीवरून एक जण उठला, खात्यातून परस्पर आलेला, केसांत सुताचा भुगा, आणि सुभद्राबाईच्या मागं जाऊन उभा राहिला. त्याच्या मागं त्याची बायको. मग तो ओडिया. मग गल्लीतल्या बायका, मुलांना कडेवर घेऊन. रांग स्टेजवरून उतरली, पायऱ्यांवरून मैदानात गेली, खुर्च्यांच्या कडेनं वळली. काही जणांच्या हातात पाण्याच्या बाटल्या होत्या. जुनी माणसं घरून भरून आणायला विसरली नव्हती. अंजनाबाईंनी नातीला खांद्यावर टाकलं आणि मध्येच घुसल्या. "मी कलाकारनी सासू शे, सरका!"

उखानं मुकुट काढून टेबलावर ठेवला. उठला. टेबलाला वळसा घालून पायऱ्या उतरला आणि चालत चालत रांगेच्या पार शेवटी, रिक्षांपाशी जाऊन उभा राहिला.

आता स्टेजवर रिकामी खुर्ची, सुभद्राबाई आणि भरलेली घागर.

वृषाली बाहेर आली. आबा विंगेत उभे. तिनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी काहीच खूण केली नाही.

पहिल्या खुर्चीवरून लोकेश उभा राहिला. त्यानं दोन बोटं हलवून दाखवलं: उचल, आणि जा.

ती घागरीपाशी गेली. सुभद्राबाईनं कागद आवरून पदराखालून छोटी बाटली काढली होती आणि ती घागरीवर धरून थांबली होती. ओतायला जागाच नव्हती. रांगेतल्या मागच्यांना दिसेना. "काय झालं? का थांबलं?"

रांगेत जागृती रडायला लागली. आवाज ऐकताच वृषालीच्या लुगड्याआड दूध पाझरलं, ऊन ऊन. घसा मात्र लाकूड झालेला. ती वाकली. दोन्ही हातांनी घागरीचा काठ आणि बूड धरलं, उचलली, आणि आधी स्वतः प्यायली. मनसोक्त प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून पदरात. शंभर माणसं तिचा घसा हलताना बघत होती. मग ती स्टेजच्या मागच्या कडेला गेली आणि उरलेली सगळी घागर मातीत ओतून दिली. धो धो. शेवटचा थेंबही झटकला.

"ए वहिनी!" लोकेश ओरडला.

विंगेतून आबा बाहेर आले. बोळक्या तोंडानं, पण माइकजवळ. "लोकेश, घागर खाले उतरनी नही. मना शब्द मोडना नही."

मैदान हसून फुटलं. त्या हसण्यात वृषालीनं रिकामी घागर टेबलाच्या मधोमध ठेवली, राजाच्या मुकुटाशेजारी, आणि जबडा पूर्ण उघडून, ओठ मोठे करून, रिक्षांवरच्या पोरांनाही कळेल असं म्हणाली,

"राजा पानी देत नही! तुम्ही देतस का?"

सुभद्राबाईला प्रत्येक अक्षर कळलं. तिनं बाटली उलटी केली. रिकाम्या घागरीत पाणी पडलं त्याचा आवाज माइकनं उचलला आणि पार रस्त्यापर्यंत गेला. "दगडू, कासारे," ती म्हणाली आणि बाजूला झाली. केसांत भुगा असलेला पुढं आला. त्यानंही आजाचं नाव सांगितलं. ओडियानं सांगितलं ते नाव कुणाला नीट कळलं नाही. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. अंजनाबाईंनी ओतलं, सासऱ्याचं नाव घेताना सवयीनं पदर सारखा केला. त्यांच्या खांद्यावरून जागृतीनं आईच्या ओल्या पदराला मूठ मारली आणि सोडेना. वृषालीनं तिला घेतलं. लेक कडेवर, एक हात घागरीच्या काठावर. पुढला. पुढला. पुढला.

लोकेश अजून उभाच होता. दोन्ही फोन वाजत होते. त्याच्या खुर्चीजवळ मोठ्या पाहुण्यांसाठी ठेवलेली सीलबंद बाटली होती. त्यानं एकदा मागं वळून रांग बघितली, एकदा घागर बघितली. मग बाटली उचलली, सील तोडलं आणि सरळ स्टेजच्या पायरीवर पाय ठेवला.

"ओ! ओ लोकेशभाऊ!" रांगेतून एकदम ओरडा उठला. "मधी नही! मागे! मागे!"

तो थबकला. कान लाल झाले. सगळं मैदान त्याच्या ओठांकडं बघत होतं. त्यानं पाय खाली घेतला, आणि खुर्च्यांच्या कडेनं, बायकांच्या शालींतून, बाटली हातात धरून शेवटाकडं चालायला लागला.

रिक्षांपाशी राजाचा झगा घातलेला उखा उभा होता. त्यानं एक पाऊल पुढं सरकून जागा केली.

"या साहेब," तो म्हणाला. "मना मागे."